ताप आहे, उजेड सहन होत नाही आणि तुम्ही मागताय ड्रॉप

पाऊस सुरू झाला की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर एक मागणी ठरलेली असते. "दादा, डोळे आलेत, तापही आहे. काहीतरी ड्रॉप द्या." डोळे लाल आहेत का, चिपडं येतात का, असं विचारलं की उत्तर येतं, "तसं काही नाही ओ. उजेड सहन होत नाही आणि बुबुळ फिरवलं की आत ठणकतं."

मग डोळे आलेत कुठे? डोळे आले की खुपतं, पाणी येतं, सकाळी पापण्या चिकटतात. कधी घसा धरतो, तापही येतो. २०२३ च्या जुलैत आळंदीत साथ आली आणि तेव्हापासून डोळ्याचं काहीही झालं तरी लोकांना 'साथ' वाटते.

डोळ्यांच्या मागे दुखतंय, अंग मोडून आलंय, ताप चढलाय, तर आमच्याकडे पावसाळ्यात पहिला संशय डेंग्यूचा. त्यात ड्रॉप काय करणार? आणि ड्रॉपसोबत अंगदुखीची 'स्ट्राँग' गोळी मागतात, ते तर आणखी वाईट. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला साधं पॅरासिटामॉल, तेही मापात, आणि रक्त तपासणी. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो, माणूस कामावर जातो, आणि खरा धोका नेमका तेव्हाच असतो. पोट दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हिरड्यातून रक्त आलं तर थेट ॲडमिट.

मला धास्ती असते ती मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज येण्याची. ताप, भयंकर डोकेदुखी, उजेडाचा त्रास, उलट्या. हनुवटी छातीला टेकते का, हे मी विचारतोच. पण टेकली म्हणून निश्चिंत व्हायचं नाही. तान्ह्या बाळाची मान तर ताठ होईलच असं नाही. ते दूध सोडतं, किरकिरतं, नाहीतर नुसतं पडून राहतं, कधी टाळू फुगते. माणूस असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला किंवा फिट आली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच मोठं हॉस्पिटल गाठा. टीबीचा मेनिंजायटिस मात्र हळू चढतो. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप आणि डोकं दुखतंय, एवढंच घरचे सांगतात.

लहान मुलाला ताप, खोकला, नाक गळतंय, डोळे लाल आणि उजेडाकडे बघवत नाही, तर गोवर असू शकतो. पुरळ नंतर उठतं. सर्दीनंतर एकाच डोळ्याची पापणी टम्म सुजली, डोळा पुढे आल्यासारखा दिसतोय आणि हलवताना दुखतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. कपाळाच्या एका बाजूला नागिणीचे फोड असतील, त्यात नाकाच्या शेंड्यावर एखादा असेल, तर डोळ्याचे डॉक्टर लगेच.

आता माझ्या रागाचा विषय. "मागच्या वेळचेच द्या, एका दिवसात लाली गेली होती." ते 'मागच्या वेळचे' बहुतेकदा स्टेरॉइडचे असतात. लाली जाते हे खरं, पण लाली का आली ते तसंच राहतं. ऊस तोडताना पातं डोळ्याला लागलं आणि बुरशीची जखम झाली, किंवा आत हर्पिसचा विषाणू असला, तर हे ड्रॉप बुबुळ खराब करतात, नजर जाऊ शकते. डोळ्याच्या आतल्या सुजेला, युव्हिआयटिसला, डॉक्टर स्वतः स्टेरॉइड देतात. पण आधी मशिनवर डोळा तपासून. आमच्या काउंटरवर ते मशिन नाही. चिठ्ठीशिवाय मी ते देत नाही, यावरून रोज कुणीतरी रुसतं. "पलीकडच्या दुकानात मिळतं." मिळत असेल.

डॉक्टरांकडे जाताना घरातली ती जुनी बाटली सोबत न्या. नाव पुसलेलं असलं तरी न्या, आणि किती दिवस घातलं ते खरं सांगा. बाटली फोडून महिना उलटला असेल तर परत घरी आणू नका.