दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: सांडपाण्याची टाकी बाहेरून सीलंट मारून का नाही दिली

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की तुमच्या मोटरहोमच्या (राहायची सोय असलेल्या गाडीच्या) सांडपाण्याच्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यातून नुसतं थेंब थेंब गळत होतं, बाहेरून सीलंट मारलं असतं तर तासाभरात काम झालं असतं, आम्ही उगाच अख्खी टाकी खाली उतरवली, गाडी अडकवून ठेवली, बिल वाढवलं, आणि एवढं करून पहिल्याच ट्रिपला परत गाडीखाली पाणी. सुट्टीवर निघाल्यावर गाडीखाली ओलं दिसलं की किती वैताग येतो ते मला कळतं, त्यात ते आंघोळीचं आणि भांड्यांचं वास मारणारं पाणी. म्हणून "कृपया संपर्क करा" एवढंच लिहून सोडत नाही, काय केलं आणि का केलं ते सगळं सांगतो, जुनी मोटरहोम असलेल्या बाकीच्यांनाही उपयोग होईल.

आधी सीलंटचं. तुमची टाकी पॉलिएथिलीन नावाच्या प्लॅस्टिकची आहे, हे आम्ही अंदाजाने नाही म्हणत, कडेचा बारीक काप काढून पाण्यात टाकला तर तो तरंगला, एबीएस (टाक्यांना वापरतात ते दुसरं प्लॅस्टिक) असतं तर बुडालं असतं. हे आधी बघावंच लागतं कारण एबीएसचा तडा सॉल्व्हंटवाल्या गोंदाने जोडता येतो पण पॉलिएथिलीनला नेहमीच्या वापरातलं काही म्हणजे काही धरत नाही. सिलिकॉन लावा, एपॉक्सी पुट्टी लावा, सुपरग्लू लावा, चिकटल्यासारखं दिसतं आणि गाडी चार खड्ड्यांतून गेली की नखाने ओढलं तरी पापुद्रा निघावा तसं निघतं. तुमच्या टाकीवर आमच्याकडे यायच्या आधीच कोणीतरी असे थर मारलेले होते आणि पाणी त्यांच्या खालूनच वाट काढत होतं, तुम्हाला फोटो पाठवलेत, त्यात स्पष्ट दिसतंय. त्यावर अजून एक थर मारून पैसे घेणं मला पटत नाही, आम्ही ते काम करतच नाही. प्रवासात मध्येच गळायला लागलं तर ब्यूटाइल टेप (चिकट रबरी टेप) मारून घरापर्यंत या, तेवढ्यापुरतं चालतं.

आणि तडा कशामुळे गेला, हे टाकी उतरवल्याशिवाय कळलंच नसतं. टाकीला खालून धरणारा एक लोखंडी पट्टा गंजून जवळजवळ तुटायला आला होता, त्यामुळे टाकी एका बाजूने लोंबत होती आणि तिकडचा सगळा भार निचऱ्याच्या पाइपच्या जोडावर येत होता. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो वजन, ते ब्रेक मारला की पुढे आदळतं, वळणावर बाजूला आदळतं. वर हे सांडपाणी, म्हणजे साबणाचं पाणी. पॉलिएथिलीनवर सतत ताण असेल आणि त्याला साबण लागत असेल तर एरवी जेवढ्या ताणाने काही झालं नसतं तेवढ्यानेसुद्धा हळूहळू तडे जातात, या प्लॅस्टिकची तडे जाण्याची टेस्ट सुद्धा डिटर्जंटसारख्या द्रावणात बुडवूनच करतात. त्यामुळे नुसता तडा बुजवून पट्टा तसाच ठेवला असता तर त्याच्याच शेजारी दुसरा तडा गेला असता. आम्ही पट्टा नवीन टाकला, टाकीखाली रबराची पट्टी दिली, आणि निचऱ्याच्या पाइपमध्ये रबरी जोड घातला म्हणजे गाडी हलली तरी टाकीच्या तोंडावर ओढ बसणार नाही. बिलातला मोठा भाग या कामाचा आहे, तडा जोडायच्या वेल्डिंगचा नाही, बिल काढून बघा.

वेल्डिंगला वेळ का लागतो तेही सांगतो. हे प्लॅस्टिक ११० ते १३० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, गरम हवेच्या गनने ते आणि त्याच जातीची प्लॅस्टिकची कांडी एकत्र वितळवून जोडायची असते. पण टाकीवर आतून-बाहेरून साबणाचा आणि तेलाचा थर बसलेला असतो, आणि जुन्या प्लॅस्टिकचा वरचा पातळ थर खराब झालेला असतो, तो खरवडून चांगलं प्लॅस्टिक दिसेपर्यंत काम सुरूच करता येत नाही, टाकी पूर्ण कोरडी लागते ते वेगळंच. मग तड्याच्या दोन्ही टोकांना छोटं भोक पाडायचं म्हणजे तो पुढे पळत नाही, मधे खाच काढायची, मग कांडी भरायची, आणि गार व्हायला वेळ द्यायचा. नंतर टाकी काठोकाठ भरून, खाली कोरडा कागद पसरून रात्रभर ठेवली, सकाळी कागद कोरडा होता, तेव्हाच गाडी तुम्हाला दिली. (काही जण विचारतात कॉम्प्रेसरने हवा भरून पटकन टेस्ट का नाही करत. कृपया हे कोणीही घरी करू नका, या टाक्या दाब सहन करायला बनवलेल्याच नसतात, फुटतात.)

आता परत गळतंय त्याबद्दल. तुम्हीच रिव्ह्यूमध्ये लिहिलंय की टाकी जवळजवळ भरलेली असताना गाडी रात्रभर उभी होती तेव्हा खाली कोरडं होतं आणि सकाळी शॉवर घेतल्यावर पाणी आलं. सर, ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. तळाचा तडा गळत असता तर रात्रीच गळला असता, पाणी शॉवरची वाट बघत थांबत नाही. माझा संशय वरच्या बाजूवर आहे, एक तर शॉवरच्या ट्रेखालचा जोड सैल झाला असेल नाहीतर टाकी भरत आल्यामुळे पाणी वर चढून टाकीत शिरणाऱ्या पाइपच्या रबरी वॉशरमधून बाहेर येत असेल. दोन्हीमध्ये पाणी टाकीच्या अंगावरून ओघळत सगळ्यात खालच्या कोपऱ्यात जमतं, आणि तो कोपरा नेमका आम्ही वेल्डिंग केलेला आहे, त्यामुळे तिथूनच गळतंय असं कोणालाही वाटेल.

तरी मी न बघता वेल्डिंगला क्लीन चिट देत नाही. गाडी घेऊन या, तुमच्यासमोर टाकीत एका रंगाचं आणि शॉवरमध्ये दुसऱ्या रंगाचं पाणी टाकू, खाली कुठला रंग येतो ते तुम्हीच बघा. तपासणीचे पैसे नाहीत. जोड आमचा गळत असेल तर पूर्ण काम परत करून देऊ, एक पैसा घेणार नाही. शॉवरचा जोड असेल तर आधी दाखवू, खर्च सांगू, मग तुम्ही ठरवा, इथेच करायचं की दुसरीकडे.

एक मुद्दा राहिला, "टाकी पुढे बदलावी लागेल" हे आम्ही बिल वाढवायला सांगितलं असं तुम्ही लिहिलंय. टाकी बदलायला आम्ही लावली नाही, दुरुस्तच करून दिली. पण एवढ्या जुन्या प्लॅस्टिकला उद्या दुसऱ्या कोपऱ्यात तडा जाऊ शकतो, हे माहीत असून गप्प बसलो असतो तर तो तुमच्यावर अन्याय झाला असता. जुन्या मॉडेलची टाकी पटकन मिळत नाही, कधी कधी मापाने बनवून घ्यावी लागते, म्हणून आधी सांगितलं. तोपर्यंत टाकी भरलेली ठेवून लांब गाडी चालवू नका, आणि कडाक्याच्या थंडीत गाडी उभी ठेवणार असाल तर टाकी आणि पाइप दोन्ही रिकामे करून ठेवा, पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं आणि व्हॉल्व आधी फुटतो.

येताना टाकी रिकामी करून आणा, पण गाडीखालचे डाग धुऊ नका, ते कुठून सुरू होतात ते आम्हाला बघायचंय.