रुईचं पान बांधून साखर उतरत नाही

"रुईचं पान उलटं करून तळपायाला लावा, वर मोजा घाला, दिवसभर राहू द्या. आठवड्यात शुगर नॉर्मल. आयुर्वेदातला उपाय, तोटा काहीच नाही." आमच्या गावच्या ग्रुपवर हा मेसेज पुन्हा फिरतोय.

आधी तोट्याचंच बोलतो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. बीड जिल्ह्यातल्या माझ्या आत्यानं हा उपाय केला. पान तोडलं की देठातून पांढरा चीक गळतो, आणि तो कातडी भाजून काढतो. आत्याच्या टाचेच्या भेगांत चीक गेला, फोड आले, फुटले, तिला पत्ता नाही. चौथ्या दिवशी मोजा ओढला तर कातडी मोज्यासोबत निघाली. जखम भरायला अडीच महिने लागले. साखर होती तिथंच. असा पाय चिघळला तर बोट, कधी पाऊलच कापावं लागतं.

आयुर्वेदात रुई आहे, अर्क नावानं. पण तिथं तिची गणती उपविषांत आहे, धोतरा, कण्हेर, गुंजेच्या रांगेत. तिच्या चिकात हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आपल्याकडं गुडघा धरला की पानाला तेल लावून, तव्यावर गरम करून शेकतात. काटा मोडला तर चिकाचा थेंब सोडतात. कच्चं पान दिवसभर पायाला बांधायचं मी जुन्या माणसांकडून कधी ऐकलं नाही.

पान साखर ओढून घेतं म्हणे. साखर रक्तात असते, इन्सुलिन तिला पेशींत नेतं. तळव्याची जाड कातडी ओलांडून पान तिला कसं ओढणार?

"अमक्या काकांची उतरली ना!" काकांच्या गोळ्या चालूच होत्या, चहातली साखर सुटली होती, आणि पान आणायला ते रोज सकाळी माळावर चालत जात होते. शिवाय एका दिवसाचा आकडा खाली-वर होतोच. एचबीएवनसी तपासणी दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते. आठवड्यात निकाल लागत नसतो.

माझी आजी दर शनिवारी मारुतीला रुईची माळ ओवायची. ओवून झाली की आधी राखेनं हात घासायची आणि आम्हा पोरांवर ओरडायची, "डोळ्याला बोट लावू नका रे!" चीक डोळ्यात गेला तर बऱ्याचदा दुखतही नाही, नुसतं धूसर दिसू लागतं. तेव्हा भरपूर पाण्यानं डोळा धुवायचा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.