‘हॉबल’ म्हणजे घोड्याला लंगडे करणे नव्हे

‘हॉबल’ या इंग्रजी शब्दाचा एकच अर्थ, लंगडणे, आणि ‘हॉबल केलेला घोडा’ म्हणजे मुद्दाम पाय मोडलेला घोडा, असा संदेश फिरतो आहे. अर्धाच खरा आहे. म्हातारा माणूस किंवा पाय मुरगळलेला खेळाडू खुरडत चालतो, तेव्हा हॉबल म्हणतात, हे बरोबर. घोड्याची गोष्ट मात्र वेगळी. तिथे हॉबल म्हणजे पायांना, बहुधा पुढच्या दोन पायांना, आखूड दोरी किंवा चामडी पट्टा बांधणे. घोडा छोटी पावले टाकत चरतो, पण लांब पळत नाही. इजा करण्याचा हेतूच नसतो. आपल्याकडचा पायबंद याच्याच जवळचा. (लोढणे वेगळे, ते गुरांच्या गळ्यात.)

1910च्या सुमारास युरोप-अमेरिकेत गाजलेला ‘हॉबल स्कर्ट’ही याच अर्थाचा: खाली इतका अरुंद की बायकांना ट्रामची पायरी चढणे जड जाई. पॅरिसचे फॅशन डिझायनर पॉल प्वारे यांना त्याचे श्रेय, की दोष, दिला जातो. कोका-कोलाच्या 1915च्या बाटलीलाही आकारावरून हेच टोपणनाव मिळाले.

म्हणून ‘निर्बंधांनी हॉबल झालेला व्यापार’ असे वाचलेत तर ‘लंगडा’ लिहिण्याची घाई नको. बहुतेकदा ‘पायबंद बसलेला’च नेमके बसते.