तो मुकुट निजामाचा नाही, आणि चाकूला लिंबू लावू नका

‘आजोबांच्या घड्याळाच्या साखळीला बोटभर लांबीचा घडीचा चाकू आहे? अभिनंदन, तुम्ही लखपती आहात!’ अशा थाटात सुरू होणारा एक मेसेज सध्या लातूर-परभणीपासून संभाजीनगरपर्यंत भावकीच्या, गल्लीच्या, दहावीच्या बॅचच्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला मजकूर थोडक्यात असा: हे चाकू निजामानं १८५७ च्या धामधुमीत आपल्या अधिकाऱ्यांना दिले, पात्यावरचा मुकुट आणि सिंह ही त्याची खूण, छोटं पातं विष लावायला, वरचं पिवळं म्हणजे सोनं, लिंबू-मीठ लावून चकचकीत केला की किंमत दुप्पट, मूठ हस्तिदंती आहे का ते तापलेल्या सुईनं बघा, घरात ठेवलात तर आर्म्स ॲक्टखाली आत जाल, म्हणून लवकर विका, आणि विकायला खालच्या नंबरवर फोटो व ‘नोंदणी शुल्क’ पाठवा.

मी असले चाकू बरीच वर्षं जमवतोय. मला असे मेसेज येतच असतात आणि मी ते पुसून टाकतो. हा टाकता आला नाही, कारण अंबाजोगाईहून आत्याचा फोन आला. “लेकरा, मामंजींचा चाकू मी रात्रीपासून लिंबात ठेवलाय, पण ते वरचं पांढरं तर खडबडीत व्हायलंय. अजून किती वेळ ठिवू?”

म्हणून आधी लिंबूच.

आत्याच्या चाकूची मूठ शिंपल्याची. ज्या थराचा मोती बनतो त्याच थराचे पातळ काप दोन्ही बाजूंनी बसवलेले. हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीच्याच जातीचा. त्यावर लिंबाचं आम्ल पडलं की तो विरघळायला लागतो. आत्याला जो खडबडीतपणा लागला तो मळ निघाल्याचा नव्हता, मूठ खाल्ली गेल्याचा होता. गेलेली झळाळी परत येत नाही.

मुठीचं हे, तर पात्याचं त्याहून वाईट. हॅरी ब्रिअर्लीनं इंग्लंडातल्या शेफील्डला क्रोमियम घातलेलं न गंजणारं पोलाद वितळवलं ते १९१३ साली. तो शोधत होता बंदुकीच्या नळीसाठी झीज न होणारा धातू. सुऱ्या-चाकूंना त्याचा उपयोग होईल हे नंतर लक्षात आलं. (जर्मनीतले क्रुप पोलाद कंपनीवाले म्हणतील आमची पेटंटं १९१२ ची. असू द्या.) त्याआधीचे सगळे पोलादी चाकू साध्या कार्बन स्टीलचे. अशा पात्यावर वर्षानुवर्षं जो करडा-काळपट थर चढतो, आजीच्या विळीवर असायचा तसा, तो पात्याचं रक्षण करतो. लाल, भुगा सुटणारा गंज वेगळा. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन्ही एकच धरलेत. लिंबानं तो काळा थर निघतो, खालचं कोरं पोलाद उघडं पडतं, आणि मीठ-पाणी सांध्यात शिरून स्प्रिंगपाशी बसतं. तिथं फडकं पोचत नाही. चार महिन्यांत चाकू उघडताना करकरतो, मग अडकतो. उरलंसुरलं काम एखादा हौशी भाचा धार लावायच्या चाकावर नेऊन पुरं करतो: पात्याच्या बुडाशी असलेला कारखान्याचा ठसाच घासला जातो. ज्या ठशावरून नग ओळखायचा, तोच पुसला की संग्राहकाच्या लेखी उरतो फक्त जुना चाकू.

करायचं असेल तर एवढंच: कोरडं सुती फडकं, आणि सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. चामड्याच्या पाकिटात कोंबून ठेवू नका. कमावलेलं चामडं ओल धरतं आणि त्यातली रसायनं धातूला लागतात.

हे १९१३ साल लक्षात ठेवा, कारण मेसेजमधला फोटो त्यावरच आपटतो. फोटोखाली लिहिलंय ‘१८५७ चा दुर्मीळ नग’. फोटो बोटांनी मोठा करून बघितला तर पात्यावर इंग्रजीत ठळक कोरलंय: ‘स्टेनलेस’. म्हणजे शोध लागण्याच्या छप्पन्न वर्षं आधीच निजामानं स्टेनलेस स्टीलचे चाकू वाटले! ज्यानं हे लिहिलं त्यानं स्वतःचा फोटोसुद्धा नीट पाहिलेला नाही, आणि आपण तो शहाण्यासुरत्या माणसांना पुढे पाठवतोय.

आता मुकुट आणि सिंह. ही जोडी दिसते ती चांदीच्या पात्याच्या चाकूंवर. असे चाकू फळं कापायचे. फळाच्या आंबटपणानं पोलाद काळं पडायचं आणि फोडीला लोखंडाची चव यायची, म्हणून पातंच चांदीचं. चालता सिंह म्हणजे इंग्लंडात तपासलेली ९२.५ टक्के चांदी. मुकुट म्हणजे ती तपासणी शेफील्डला झाली. तिथलं चांदी तपासणारं कार्यालय १७७३ मध्ये सुरू झालं आणि १९७४ पर्यंत मुकुट हाच त्याचा शिक्का होता. बर्मिंगहॅमचा शिक्का नांगर. म्हणजे बोटीचा, उद्या कुणी त्याला शेतकऱ्याचा नांगर म्हणून त्यावरही गोष्ट रचेल. शेजारी एखादं अक्षर असतं, ते तपासणीच्या वर्षाचं. इतकी सरळ नोंद त्या इवल्या पात्यावर असताना निजाम कशाला मधे आणायचा? त्याच्या हाली रुपयावर आपल्या आज्या-पणज्यांनी पाहिला तो चारमिनार.

चाकू आपल्याकडे आले कसे, यात गूढ काही नाही. कोटाच्या आत जाकीट, जाकिटाच्या खिशात घड्याळ, मधे आडवी साखळी ही विलायती पद्धत मुंबई-हैदराबादमार्गे इकडच्या वकील-डॉक्टरांपर्यंत आली. साखळीच्या दुसऱ्या टोकाला काहीतरी अडकवायचं. कुणी मोहर अडकवली, कुणी चाकू. आत्याच्या चाकूवरचा ठसा शेफील्डचा आहे. जर्मनीच्या सोलिंगेनचेही पुष्कळ सापडतात. ठशात देशाचं नाव असेल तर नग बहुधा १८९० नंतरचा, कारण त्या साली अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं केलं.

विषाचं पातं? ती नखं घासायची कानस आहे. पुढे.

सोन्याच्या बाबतीत मात्र थोडं मान्य करावं लागेल. अस्सल १४ कॅरेट सोन्याच्या मुठीचे चाकू होते, टिफनी आणि कार्तिए यांनीही बनवले, आणि त्यांना आजही मोठे पैसे मिळतात. पण आपल्या घरांत सापडणारे बहुतेक रोल्ड गोल्ड किंवा गोल्ड फिल्डचे, म्हणजे पितळेवर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला. अमेरिकी नगांवर पुष्कळदा ‘१/२०’ आणि ‘१२ के’ असं लिहिलेलं असतं. हिशेब करा: वजनाचा विसावा भाग १२ कॅरेटचा, आणि १२ कॅरेट म्हणजे निम्मंच सोनं. मुठीचा पत्रा पितळेसकट ८ ग्रॅम धरला तर त्यात शुद्ध सोनं ०.२ ग्रॅम. दोन गुंजासुद्धा नाही. सराफाकडे नेलात तर तो चहा पाजेल आणि परत पाठवेल. तो पत्राही लिंबू-मिठानं घासलात तर खालचं पितळ दिसेल, ते वेगळंच.

तापलेल्या सुईची चाचणी जुने व्यापारी करत, हे खरं आहे. म्हणून ती तुमच्या आईनं स्वयंपाकघरात करावी असं होत नाही. त्या काळात हस्तिदंताची नक्कल सेल्युलॉइडची करत, आणि सेल्युलॉइड भडकन पेटतं. मूठ जराशी चोळून हुंगा. कापरासारखा वास आला तर सेल्युलॉइडच, कारण त्यात कापूर घालतात. असा चाकू इतरांपासून वेगळा, थंड जागी ठेवा. सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि शेजारच्या पात्यांनाही गंज चढतो. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या ट्रंकेत तो ठेवणं म्हणजे मुद्दाम बिघडवणं.

आणि समजा, मूठ खरोखर हस्तिदंती निघाली, तर मेसेज तुम्हाला काय करायला सांगतोय? तिचा फोटो, नाव आणि नंबरासकट, अनोळखी माणसाला पाठवायला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. १९८६ च्या दुरुस्तीनं भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीनं आफ्रिकेतल्याचाही. आजोबांचा असला तरी विकता येत नाही. तुरुंगाची भीती दाखवायचीच होती तर इथं दाखवायची.

आर्म्स ॲक्टची भीती मात्र पोकळ आहे. शस्त्र नियमांत परवान्याचा प्रश्न येतो तो ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा, आणि त्यातूनही घरगुती वापराची हत्यारं वगळलेली. हे पातं दीड इंचाचं. विमानात जवळच्या बॅगेत नेऊ नका आणि जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश असताना खिशात घालून मोर्च्यात फिरू नका, एवढं पुरे.

राहिलं ‘नोंदणी शुल्क’. तुमची वस्तू खरंच कुणाला हवी असेल तर पैसे तो देतो, तुम्ही नाही. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावानं हाच खेळ इतका वाढला होता की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला लोकांना सावध करणारं पत्रक काढावं लागलं. तिथंही आधी शुल्क, मग कमिशन, मग कर अशीच चढती मागणी होती. आता फक्त नाण्याच्या जागी चाकू आलाय. आत्यानं पैसे पाठवले नव्हते, नशीब. तुमच्यापैकी कुणी पाठवले असतील तर लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर आजच तक्रार नोंदवा, जितका उशीर तितके पैसे अडवणं अवघड.