दशमीचा रविवार आणि एक जोडपं

वाद पेटला तो मास्तरांच्या भाच्यावरून. तो आणि भाचेसून रविवारी पुण्याहून दापोलीला येणार, हातात एकच दिवस, दोघांनाही मासे हवेत. बंड्याने चहा येईपर्यंत बेत आखूनही टाकला: आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै, मुरूड, कर्दे, मग दाभोळहून फेरीबोटीने धोपावे आणि संध्याकाळी गुहागर.

"जेवणार कधी, बोटीत?" नाना म्हणाले.

"खाडी ओलांडायला वेळ तो किती लागतो, नाना!"

"ओलांडायला नाही लागत रे, रांगेत लागतो. रविवारी गाड्या चढायला थांबतात, परत येताना तीच गत. शेवटची बोट हुकली तर खाडीला वळसा घालून चिपळूण-खेडवरून ये. गुहागर वेगळ्या दिवशी."

मास्तर कालनिर्णय बघूनच आले होते. "रविवारी दशमी. तिथीची पाऊणपट करा, साडेसात. म्हणजे साडेसातच्या सुमाराला भरती, दीड-दोनला पूर्ण ओहोटी." ठोकताळाच हा, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. किनाऱ्यावर चालायचं ते दुपारी, सकाळी आंजर्लं. खाडीवरच्या पुलामुळे आता भरतीतही अडायचं नाही.

"गाडी मात्र कर्द्याच्या वाळूत घालू नको म्हणावं," नानांनी बजावलं. "ओली वाळू घट्ट दिसते म्हणून लोक उतरतात, वळवताना चाक मऊ वाळूत जातं. मग रेस देतात आणि चाक आणखी रुततं. तोवर पाणी चढायला लागतं."

खरी जुंपली ती माशांवर. बंड्याचं म्हणणं, लिलावात मासे घ्यायचे आणि तेच दुपारी जेवायचे. पण हर्णैचा संध्याकाळचा लिलाव चारनंतर रंगतो, मग दुपारचं जेवण रात्री करायचं का? शिवाय बोली अख्ख्या टोपलीवर नाहीतर ढिगावर लागते. दोन माणसांनी टोपली घेऊन करायचं काय? बोली सुटल्यावर तिथेच बायका वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्यावं. कल्ले तांबडेलाल, डोळा फुगीर नि स्वच्छ. पापलेट कल्ल्याजवळ दाबलं की पांढरट पाणी यावं, लालसर आलं तर वाटा तिथेच ठेवावा.

दुपारच्या जेवणासाठी घरगुती खानावळीला सकाळी नवाच्या आत फोन हवा, कारण मासे माणसं मोजून आणतात. "दोघांनी दोन सुरमई थाळ्या मागवू नयेत," मास्तर म्हणाले. "एक सुरमई, एक बांगडा, वर एक प्लेट मुडदुशी मिळाली तर. सुरमई पुण्यातही मिळते."

"बांगडाही मिळतो की!" बंड्या.

"मिळतो, पण त्याच दिवसाचा नाही."

इथे मात्र नानांचा मुद्दा बिनतोड होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. तेव्हा कोणी ताजी सुरमई म्हणून वाढली, तर ती बहुतेक बर्फातली. त्या दिवसांत खाडीचं मागावं, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या किंवा कुर्ल्या. तिसरी उघडी असेल तर टिचकी मारायची, मिटली नाही तर टाकून द्यायची.

पुण्याला न्यायच्या माशांवर शेवटपर्यंत एकमत झालं नाही. बंड्याला सगळं पिशवीत घालून डिकीत टाकायचं होतं. मास्तर म्हणाले, थर्माकोलचा डबा, माशाइतकाच बर्फ, मासे साफ करून बंद पिशवीत, आणि वितळलेलं पाणी जायला खाली भोक. बांगडा तर घेतल्या घेतल्या बर्फात. उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, मग अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं.

"मग इथूनच तळून देऊ," बंड्या म्हणाला.

"एकदा झालेलं हिस्टामिन तळून जात नाही, बंड्या. डब्याचं बघ."

"भोकातून पाणी गळून डिकीला वास येईल त्याचं काय?"

"खाली घमेलं ठेव."