अर्ध्या मार्काचा दाब

बांधावरच्या फणसासाठी तिसऱ्या पिढीपर्यंत खटला चालवणारी आमची माणसं. तेव्हा कन्येचा अर्धा मार्क कापला गेल्यावर घर गप्प बसणं शक्यच नव्हतं. जुलैतली चाचणी, प्रश्न: 'आज तुमच्या गावात हवेचा दाब किती असेल?' तिने लिहिलं, सुमारे १००५ मिलीबार. बाईंनी लाल फुली मारून शेजारी लिहिलं, १०१३.२५.

आता १०१३.२५ हा प्रमाण म्हणून ठरवलेला आकडा. पाऱ्याचा ७६० मिलिमीटर स्तंभ. रत्नागिरीच्या आभाळावर तो कुणी बंधनकारक केलेला नाही. उन्हाळ्यात राजस्थान-सिंधकडे जमीन तापते, तिथे दाब उतरतो, म्हणून तर मोसमी वारे धावत येतात. दाब बारा महिने १०१३वर ठाण मांडून बसला, तर पाऊस येईल कशाला?

बाईंना मात्र पुरावा हवा होता, तोही गावचा. आबांनी तांडेलाकडे पाठवलं. तो म्हणाला, "बंदरात वादळी हवेच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की दाब कमी. आणखी काय हवं?" खरंच काही नको होतं, पण बावटा अर्जाला जोडता येत नाही.

मग जुन्या नोंदी. हवामान खात्याच्या वेधशाळा रत्नागिरीलाही आहेत, हर्णैलाही. जुनी आकडेवारी पुण्याहून मागवता येते. आकडे हाती आले आणि भानगड सुरू झाली. एक रकाना वेधशाळेच्या उंचीवरचा, दुसरा हिशेब करून समुद्रसपाटीला आणलेला. साधारण साडेआठ मीटर चढलं की एक मिलीबार कमी. आमचं घर उंच सड्यावर, शाळा खाली बंदराजवळ. आबा टेप शोधायला उठलेच.

त्यात दाबालाही भरती-ओहोटी असते: सकाळी दहाच्या सुमारास चढतो, दुपारी चारच्या सुमारास उतरतो. "मग चाचणी कितव्या तासाला होती?" हिने विचारलं. कन्येला आठवेना. तिला फक्त डब्यात घावणे होते एवढं आठवत होतं.

शेवटी जुलैचे आकडे बाईंसमोर ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले, अर्धा मार्क दिला, आणि न्याय सर्वांना सारखा म्हणून १०१३.२५ लिहिणाऱ्यांचे अर्धे मार्क कापले.

संध्याकाळी शेजारचे भाऊ पडवीत येऊन बसले. चहा झाला. मग हळूच म्हणाले, "जानेवारीतल्या सकाळच्या नोंदी आहेत का हो तुमच्याकडे? तेव्हा १०१३च्या आसपास असतो म्हणे."