‘आमच्याकडे एकही तक्रार नव्हती’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

उत्तराला दोन दिवस लागले. तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, पण वीस वर्षं हॉस्टेलचं रेक्टरपद सांभाळलेल्या माणसाची आहे, म्हणून घाईत काही लिहायचं नव्हतं. तुम्ही म्हणता, शेवटच्या पाच वर्षांत रॅगिंगची एकही तक्रार आली नाही. मी निनावी सर्वेक्षण सुचवून चांगल्या कॉलेजांवरही संशय घेते. आणि नाव लिहायचं नसलं की पोरं काहीही खरडतात, त्याने आकडा फुगतो.

आधी त्या शून्याबद्दल. काही वर्षांपूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगासाठी 37 कॉलेजांतल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना रॅगिंगबद्दल विचारलं गेलं. सुमारे 40 टक्क्यांनी ते सोसल्याचं सांगितलं. त्यांच्यापैकी तक्रार करणारे दहातला एकही भरत नव्हते. तक्रारवही कोरी राहते ती अशी. मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवीने 22 मे 2019 ला आत्महत्या केली; सीनियर छळत होत्या, असा आरोप झाला. त्रासाची कल्पना आधीच दिली होती, असं तिच्या घरच्यांचं म्हणणं आहे. असं तोंडी सांगितलेलं कुठल्या वहीत चढतं, सर?

माझा स्वतःचा अनुभव सांगते. आमच्या कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीच्या जुन्या फॉर्ममध्ये एकच प्रश्न होता: ‘तुमच्यावर रॅगिंग झाले का?’ सगळे ‘नाही’वर खूण करत. मग आम्ही ‘रॅगिंग’ हा शब्दच काढला आणि नुसत्या कृती विचारल्या. गेल्या महिन्यात रात्री बारानंतर सीनियरच्या खोलीत बोलावलं का? किती वेळा? दुसऱ्याची जर्नल्स लिहावी लागली का? आडनाव किंवा ॲडमिशनचा कोटा विचारून कोणी बोललं का? ग्रुपमधून काढलं का? एका कागदावर या सगळ्यांपुढे ‘हो’ होतं आणि तळाशी लिहिलं होतं, ‘पण हे रॅगिंग नाही, इंट्रो (नव्यांची ओळख) आहे.’ तो कागद माझ्या मनातून जात नाही. सोसणाऱ्यालाच नाव ठाऊक नसेल तर तो तक्रार कशाची करणार? ‘किती वेळा’ हेही मुद्दाम विचारलं. एकदाची चेष्टा आणि दर आठवड्याचा छळ एकाच रकान्यात मोजले, तर तुम्ही म्हणता तसा आकडा खरोखर फुगतो.

निनावी कागदावर कोणाला शिक्षा होऊ नये, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. तो पुरावा नव्हेच. त्यातून कुठला मजला, कुठला महिना, कुठली वेळ एवढंच कळतं, आणि तेवढं पुरतं. आमच्याकडे सगळी बोटं जर्नल सबमिशनच्या आठवड्यांकडे गेली, तेव्हा सबमिशनच्या तारखा बदलल्या आणि त्या रात्री वॉर्डनची फेरी वाढवली. उलट मला काळजी वाटते ती वेगळीच: एखाद्या विभागात पहिल्या वर्षाला दोनच मुली असतील, तर विभागवार आकडा जाहीर केल्यावर निनावी काय उरलं? म्हणून छोट्या गटांचे आकडे आम्ही वेगळे दाखवत नाही.

आणि ही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांतच लिहिलंय की पहिले तीन महिने दर पंधरवड्याला पहिल्या वर्षाची निनावी पाहणी करावी. रॅगिंग करणार नाही अशी प्रतिज्ञापत्रं आपण दरवर्षी इमानाने भरून घेतो, ही पाहणी मात्र राहून जाते. महाराष्ट्राच्या 1999 च्या रॅगिंगबंदी कायद्यात तर तक्रारीकडे दुर्लक्ष करणारा संस्थाप्रमुखही दोषी धरला जातो. या भीतीने लोक दक्ष व्हायला हवेत. माझ्या पाहण्यात मात्र ते तक्रार लेखी येऊच नये अशी काळजी घेतात.

तुमच्या शून्यावर मी खोटेपणाचा आरोप करत नाही. तो मोजलेला नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. हॉस्टेलात रात्री पोरं कुठे जमतात, कुठल्या खोलीचं दार वाजवताना नवी मुलं घुटमळतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जुलैत नवी बॅच येईल. आमचे प्रश्न तुम्हाला पाठवते. जो अन्यायकारक वाटेल तो खोडा, आणि जो आम्हाला सुचलाच नाही तो लिहून द्या.